मुक्काम आणि मालकी

तारापूरच्या खाडीपलीकडे वसलेल्या चिंचणी गावी गेल्या शतकाच्या मध्यास जे ताम्रपट हाती आले, त्यांतील शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, पट हा या किनाऱ्याच्या आतिथ्यधर्माचा फार जुना दस्तऐवज मानावयास हरकत नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या अमदानीत संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणभोवतालच्या मुलखाचा, कारभार मधुमती नावाच्या एका ताजिक, अर्थात अरबवंशीय, अधिकाऱ्याकडे होता. या परधर्मीय कारभाऱ्याने आपल्या अंमलातील दोन जलप्रवाहांवर उतारूंसाठी नावेची फुकट तर चालू केली, संजाणात अन्नसत्र उघडून तेथे येणाऱ्याजाणाऱ्यास साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळेल अशी तजवीज केली, आणि त्याच्याच कारकिर्दीत एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेच्या खर्चासाठी जमिनीचे उत्पन्न लावून देण्यात आले. वाटसरूची सोय आणि जमिनीचा वसूल या दोन गोष्टी त्या एकाच तांब्याच्या पत्र्यावर शेजारी शेजारी कोरलेल्या आहेत. आणि पालघरच्या भूमीवर जो जो म्हणून परका मनुष्य मुक्कामास आला, त्याच्या मुक्कामाचा इतिहास लिहावयाचा तर या दोन गोष्टी अशाच शेजारी ठेवून लिहावा लागतो.

हा विषय आज काढण्यास निमित्त आहे. गेल्या काही वर्षांत केळवे-माहीमपासून बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर, आणि पूर्वेस वाडा, विक्रमगड, जव्हार या डोंगराळ पट्ट्यात, शहरी मंडळींच्या विश्रांतीसाठी ग्रामीण जमिनीवर निसर्गस्नेही निवास उभारण्याचा एक नवा व्यवसाय रूढ होऊ पाहत आहे. लाकडी चौथऱ्यावर ताणलेला जाड कापडाचा तंबू, आत पलंग, गाद्या आणि न्हाणीघर, बाहेर सौर ऊर्जेचे पत्रे, मागे सांडपाण्याचा शोषखड्डा, पुढे चिकूची किंवा आंब्याची रांग, आणि शुक्रवारी सायंकाळी मुंबईहून निघून रविवारी परतणारा पाहुणा, असे त्याचे सर्वसाधारण रूप असते. ग्लॅम्पिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराचा दावा असा, की सिमेंटचे बांधकाम भूमीस कायमचे जखडून टाकते, तंबू मात्र उद्या उचलून नेता येतो, सबब तो भूमीस भार नव्हे. हा दावा वास्तुशास्त्राच्या दृष्टीने बव्हंशी खरा आहे. तथापि या प्रांतात भूमीवरचा भार केवळ विटा आणि चुन्याने कधीच मोजला गेला नाही; हलके, तात्पुरते आणि थोडे असे सांगून मागितलेली जागा पुढे किती विस्तारली, याची उदाहरणे येथील इतिहासात जागोजाग आढळतात.

त्यांतील पहिले उदाहरण जव्हारचे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात अशी आख्यायिका नमूद आहे, की जव्हारचा मुलूख मूळचा एका वारली नायकाच्या ताब्यात होता, आणि मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाने, महादेव कोळी जमातीच्या जयबाने, त्याच्याकडे एका बैलाच्या कातड्याने झाकली जाईल एवढीच जमीन मागितली. नायकाने मोठ्या मनाने ती दिली. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्या टोकास टोक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात सारा मुलूख घेतला. कार्थेज नगरी वसविणाऱ्या दिदो राणीविषयी भूमध्य समुद्राच्या काठी हीच कथा सांगतात, आणि गॅझेटियरकर्त्यासही तिची आठवण झाली आहे. पुढे १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने या घराण्यास राजा म्हणून मान्यता दिली आणि ते संस्थान भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे सहाशे वर्षे, टिकले. कथा ऐतिहासिक सत्य नसेल. परंतु ज्या समाजाने ती पिढ्यानुपिढ्या सांगितली, त्या समाजास जमीन कशी जाते याचे मर्म ठाऊक होते, एवढे तीवरून खात्रीने म्हणता येते. मागणाऱ्याच्या हातातील वस्तू लहान होती आणि मृदू होती, म्हणूनच देणाऱ्यास भय वाटले नाही.

तंबूतले ऐश्वर्य ही कल्पनाही आजची नव्हे. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत बादशाही छावणीचे जे वर्णन केले आहे, त्यात एका मुक्कामाचे सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० भोई लागत असे म्हटले आहे; शिवाय असे दोन संच असत, म्हणजे बादशहा एका मुक्कामात निद्रा करीत असता दुसरा संच, पेशखाना, पुढच्या मजलेस उभा होत असे. युरोपातही १५२० साली इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रांस्वा यांची भेट झाली ती जरतारी कापडाच्या तंबूंत, आणि त्या मैदानाचे नावच पुढे त्या वस्त्रावरून पडले. आपल्याकडे पेशव्यांच्या सरकारात डेरे, राहुट्या, कनाती, शामियाने आणि बिछायती यांचे स्वतंत्र खातेच होते; पुणे शहरात फरासखाना म्हणून जी पोलीस चौकी सर्वांस ठाऊक आहे, तिच्या नावात त्या खात्याची स्मृती अद्याप शिल्लक आहे. फरासाचे काम हलके गणले जात नसे, कारण तंबूची जागा निवडणे म्हणजे पाणी, सावली, वारा आणि शत्रूची दिशा या चारही गोष्टींचा एकदम विचार करणे होय. आज निसर्गस्नेही निवास बांधणारा स्थपती उताराची दिशा, पावसाच्या पाण्याचा ओघ आणि नैर्ऋत्येकडील वारा यांचा जो विचार करतो, तो मूळचा फरासाचाच विचार आहे.

पालघरच्या भूमीने अशा छावण्या पुष्कळ पाहिल्या. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळ येथे थांबले आणि तेथे विक्रमशहा राजाने त्यांचा सन्मान केला, अशी तिकडील परंपरा आहे. पुढे १७३७ पासून दोन वर्षे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेने हा सारा किनारा ढवळून काढला. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव ही ठाणी एकामागून एक हाती आली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तारापूरच्या कोटास सुरुंग लावून मराठ्यांनी एल्गार केला. त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांच्या जिव्हाळ्याचा सरदार पडला. मे महिन्यात वसई पडली आणि पोर्तुगीज अंमल संपला. इतिहासकार वेढ्याच्या हकिगती लिहितात, सुरुंग मोजतात, परंतु या सर्व सैन्यास जनावरांसाठी वैरण, चुलीसाठी सरपण आणि मोर्च्यांसाठी बांबू पुरविणारा जो रयतवर्ग त्या राहुट्यांभोवती राबत होता, त्याचा उल्लेख बखरींत ओझरता येतो. छावणी उठली म्हणजे तिच्या खुणा पहिल्या पावसात बुजत. शेतकऱ्याच्या घरातून गेलेले धान्य मात्र परत येत नसे.

इंग्रजी अमलात छावणीचे रूप पालटले, तत्त्व पालटले नाही. पावसाळा सरला, रस्ते वाळले, की जिल्ह्याचे गोरे अधिकारी तंबू, टेबले, खुर्च्या, स्नानाचे टब आणि दफ्तर बैलगाड्यांवर लादून फिरतीस निघत. एखाद्या आमराईत अगर तळ्याकाठी मुक्काम पडे, तेथेच कज्जे ऐकले जात, जमाबंदीची तपासणी होई आणि सायंकाळी शिकारही होई. मामलेदार, तलाठी आणि पाटील यांच्यामार्फत रसद, दूध, कोंबडी, गवत व लाकूडफाटा यांची तजवीज होत असे, आणि ओझी वाहणारे हात बहुधा वेठीचे असत. आफ्रिकेतील गोऱ्या शिकाऱ्यांच्या ज्या छावण्यांवरून आजच्या ऐषआरामी तंबूंचा बाह्य थाट घेतला गेला आहे, त्यांचीही रचना अशीच होती: आत लिननची शुभ्र चादर आणि बाहेर डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसांची रांग. निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याचे सुख त्या काळी ज्यास लाभे, त्यास ते दुसऱ्याच्या सक्तीच्या श्रमावर लाभे, ही गोष्ट त्या रम्य प्रवासवर्णनांतून सहसा येत नाही.

या जिल्ह्यात वेठीचे मूळ जमिनीच्या एका विशिष्ट प्रतीत रुजलेले होते. भातखाचरांच्या वर, जंगलाच्या खाली, उताराची जी मुरमाड जमीन असते तिला येथे वरकस म्हणतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी यांच्या संसारात या वरकसाचे स्थान मोठे होते. तेथे नाचणी-वरी पिके, गुरे चरत, आणि राबासाठी पालापाचोळा व गवत मिळे. राब म्हणजे भाताचे रोप टाकण्यापूर्वी जमीन भाजण्याची रीत. जंगल कायद्याने तिच्यावर निर्बंध आले तेव्हा ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला, की सरकारला १८८५ साली त्याच्या चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला. त्यापूर्वीच १८६४ साली बी. बी. अँड सी. आय. रेल्वे मुंबईस येऊन भिडली आणि पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू ही स्थानके झाली. रेल्वेच्या ओढीने माहीम तालुक्याची कचेरीदेखील कालांतराने किनाऱ्यावरून पालघरला आली. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामा धावू लागल्या, तबेल्यांत म्हशी वाढल्या, आणि या सर्व जनावरांची वैरण पालघर-डहाणूच्या टेकड्यांवर उगवत होती. ज्या उतारावर काल नाचणी होती, तो गवताखाली गेला. गवत दाबून त्याच्या गाठी बांधणाऱ्या वखारी स्थानकांलगत उभ्या राहिल्या. सावकार आणि जमीनदार यांच्या नावे हजारो एकर झाले, आणि मूळचा धारक आपल्याच टेकडीवर गवतकाप्या मजूर ठरला.

त्याची अवस्था किती हलाखीची होती, हे सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ च्या अहवालात सरकारलाच लेखी कळविले होते. लग्नासाठी घेतलेल्या चार रुपड्यांपायी पतिपत्नी जन्मभर सावकाराचे बांधील होत. त्यांस लग्नगडी म्हणत. १९४५ साली किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी झरी येथे परिषद भरवून वेठ आणि लग्नगडी या दोन्ही प्रथा मोडण्याची हाक दिली, आणि काही महिन्यांतच त्या मोडल्या. त्यानंतरचा लढा गवताचा होता: पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी, एवढीच मागणी. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. हा सारा वृत्तांत गोदावरीबाईंनी ज्या ग्रंथात सांगितला, त्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कसणारा मालक झाला. परंतु नांगराशिवाय आपोआप उगवणाऱ्या गवताच्या जमिनीवर कसणूक सिद्ध करणे कठीण, म्हणून वरकसाचे कज्जे पिढी दोन पिढी रेंगाळले. आज निसर्गरम्य, निर्मनुष्य, उताराची, दूरवर समुद्र दिसणारी म्हणून जी जमीन विश्रांतिस्थानासाठी पसंत पडते, ती बहुधा हीच असते. तिचे निर्मनुष्य असणे हे नैसर्गिक नव्हे. तो गेल्या दीडशे वर्षांचा निकाल आहे.

येथील लोकांस उघड्यावर राहण्याची कला शिकवावी लागत नाही, हेही या ओघात सांगितले पाहिजे. चैत्री पौर्णिमेस डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा दूरदूरची आदिवासी कुटुंबे झाडाखाली चूल मांडून, गाडीखाली निजून पंधरवड्यात येऊन जातात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे त्यांच्या लक्षात आले, की मुले शाळेत येत नाहीत याचे कारण ती गुरांमागे रानात असतात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. छप्पर नसलेल्या त्या शाळेने आपल्या विद्यार्थ्याच्या दिनक्रमापुढे नमते घेतले, यात तिचे मोठेपण आहे. याउलट एक मुक्काम असाही आहे, की जो कोणी हौसेने करीत नाही. भातकापणी उरकली, की वाडा, जव्हार, मोखाडा भागांतील कातकरी व इतर आदिवासी कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यापर्यंत प्लास्टिकच्या पालांत राहतात. पाहुण्यांच्या तंबूंचा हंगामही तोच, दिवाळीपासून जूनपर्यंत. एकाच ऋतूत या जिल्ह्यात सुखवस्तू कुटुंबे कापडाखाली राहावयास येतात आणि भूमिपुत्र कापडाखाली राहावयास बाहेर पडतात.

शुद्ध हवा ही विकत घेण्याची वस्तू केव्हा झाली, याचा शोध घ्यावयाचा तर बोईसर-तारापूरकडे वळावे लागते. जुन्या पिढीची मुंबईकर मंडळी बोर्डी-डहाणूस हवापालटासाठी येत. इराणी व पारशी बागाईतदारांनी घोलवडच्या परिसरात चिकूच्या वाड्या वाढविल्या होत्या, आणि त्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच किनाऱ्यावर तारापूर येथे १९६४ साली भारताच्या पहिल्या अणुवीज केंद्राचे काम अमेरिकन कंपनीच्या साहाय्याने सुरू झाले आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथील दोन भट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. सत्तरच्या दशकात बोईसरच्या बाजूस तारापूर औद्योगिक वसाहत वाढली. रसायने, औषधे, पोलाद आणि कापड यांचे कारखाने आले, हजारोंना रोजगार मिळाला, आणि खाडीत व समुद्रात जाणाऱ्या सांडपाण्यामुळे मच्छीमार न्यायासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. २०१८ च्या राष्ट्रीय मूल्यांकनात तारापूरची गणना देशातील अत्यंत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. ज्या जिल्ह्यात एका स्थानकावर उतरल्यास नाकास रुमाल लावावा लागतो, त्याच जिल्ह्यात पुढल्या स्थानकावर उतरून मोकळ्या श्वासासाठी पैसे मोजावे लागतात, हा योगायोग नव्हे. एका ठिकाणच्या हवेची किंमत दुसऱ्या ठिकाणच्या धुराने वाढविली आहे.

डहाणूकडची भूमी वाचली ती कायद्याच्या एका अपूर्व प्रयोगामुळे. डहाणूस औष्णिक वीज केंद्र येण्याचे ठरले तेव्हा उठलेल्या जनमताच्या रेट्याने २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित केला आणि त्याभोवती २५ किलोमीटरच्या पट्ट्यात उद्योगांवर निर्बंध घातले. पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली आदेश दिल्यावर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ च्या जानेवारीत निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद भूषविले. वाढवण येथील बंदराचा पहिला प्रस्ताव १९९८ साली याच प्राधिकरणाने फेटाळला होता. आता काळ पालटला आहे. २०२३ साली प्राधिकरणाने त्याच बंदरास संमती दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली, आणि किनाऱ्यावरील मच्छीमार समाजाचा विरोध अद्याप शमलेला नाही. २०१३ पासून डहाणूपर्यंत उपनगरी गाड्या धावू लागल्या, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि जमिनीचे भाव व दलालांच्या फेऱ्या या दोहोंत वाढ झाली. निर्बंधांच्या चौकटीत जो व्यवसाय धूर सोडत नाही, यंत्रे बसवीत नाही आणि पाया खणत नाही, त्यास अनुकूल दिवस यावेत हे ओघानेच आले. राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्याच वर्षी किनाऱ्यावर तात्पुरत्या कुटी उभारू देण्यासाठी जे आठ किनारे निवडले, त्यांत केळवे आणि बोर्डी यांचा समावेश होता.

आता प्रत्यक्ष उभारणीकडे पाहू. हलके, स्थानिक साधनांचे आणि पुन्हा मातीत मिसळणारे घर कसे असावे याचा धडा द्यावयास वारली पाडा समर्थ आहे. कारवीच्या काठ्यांच्या कुडास शेणमातीचे लिंपण, वर बांबू आणि गवताचे अगर पेंढ्याचे छप्पर, आत धान्याची कणगी आणि माळा; उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार, आणि दर वर्षी हाताने दुरुस्त होणारे. गेरूने सारवलेल्या त्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक सवाशिणींनी लग्नापुरता लिहावयाचा, अशी रीत होती. सत्तरच्या दशकात ती चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि आता प्रत्येक विश्रांतिगृहाच्या भिंतीवर तारपा वाजविणारी आकृती नाचत असते. भिंत सिमेंटची, तीवर चित्र वारली, आणि वारल्याचे स्वतःचे घर मात्र घरकुल योजनेच्या पत्र्याखाली तापलेले, अशी उलटापालट झालेली दिसते. अभ्यासूपणे केलेले प्रयत्नही आहेत. वाडा तालुक्यात गालतरे येथे इस्कॉनने २००३ पासून उभारलेल्या गोवर्धन इकोव्हिलेजमध्ये दाबलेल्या मातीच्या विटांची घरे आहेत, पावसाचे पाणी साठविले जाते, आणि माती, सूक्ष्म जीव व वनस्पती यांच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा झाडांस दिले जाते. तंबूवाल्यांनी तेथून घेण्यासारखी गोष्ट ही, की निसर्गस्नेह डोळ्यास दिसणाऱ्या छपरात कमी आणि न दिसणाऱ्या नळात व खड्ड्यात अधिक असतो.

विशेषतः पाण्यात. या जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस धोधो पडतो, आणि तरीही उताराच्या कातळावरून तो वाहून गेल्यामुळे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. सूर्या नदीवर धामणी आणि कवडास येथे बांधलेल्या धरणांचे पाणी वसई-विरारसारख्या शहरांकडे वळविले गेल्याचा सल स्थानिक शेतकऱ्यांच्या मनात आहे. अशा ठिकाणी पाहुण्यांच्या स्नानासाठी, पोहण्याच्या कुंडासाठी आणि हिरवळीसाठी खोल बोअर मारला, तर शेजारच्या पाड्यावरील उथळ विहीर आधी आटते. तंबूचे कापड पर्यावरणास कितीही सौम्य असो, बोअरची नळी सौम्य नसते.

उरला प्रश्न कागदाचा, आणि तो या जिल्ह्यात गौण नाही. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके संपूर्णपणे आणि इतर काही अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेस अधिकार दिले आहेत. बिगरशेतकऱ्यास शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतीखेरीज वापर करावयाचा तर अकृषिक वापराचे नियम पाळावे लागतात. आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात १९७४ साली घातलेल्या ३६-अ या कलमान्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीस विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण अगर पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वपरवानगीशिवाय देता येत नाही. पट्ट्यास अगर गहाणास जिल्हाधिकारी परवानगी देऊ शकतात, तीही पाच वर्षांहून अधिक मुदतीची नव्हे. हे कलम कित्येक उद्योजकांस जाचक वाटते. आपण तर नुसता तंबू लावणार, खांब रोवणार, भाडे देणार, मग एवढा काच कशास, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर वरकसाच्या इतिहासात आहे. येथील जमीन एका रात्रीत तलवारीने क्वचितच गेली. ती चार रुपयांच्या कर्जाने, एका हंगामाच्या गवताने, तोंडी कराराने आणि न वाचलेल्या कागदावरील अंगठ्याने गेली. कायदाकर्त्याने तात्पुरत्या व्यवहारास कायमच्या व्यवहाराइतकेच संशयाने पाहिले, यात त्याचा अनुभव बोलत होता.

याचा अर्थ असा नव्हे, की या भूमीवर पाहुण्याने येऊ नये. दहाव्या शतकातील अधिकाऱ्यापासून कोसबाडच्या शिक्षिकांपर्यंत बाहेरून आलेल्या कित्येकांनी येथे जे दिले ते मोलाचे ठरले, कारण त्यांनी आपली व्यवस्था स्थानिक जीवनाच्या सोयीने वळविली. ज्यांनी स्थानिक जीवनच आपल्या सोयीने वळविले, त्यांच्या छावण्या कितीही देखण्या असल्या तरी मागे ऋण ठेवून गेल्या. म्हणून नव्या निवासांचा कस लावताना तंबूच्या कापडाचा, सौर पत्र्यांच्या संख्येचा अगर भोजनातील सेंद्रिय भाजीचा विचार दुय्यम मानून तीन साध्या गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली ही, की सातबाऱ्यावरील कब्जेदार हा या व्यवसायात भागीदार आहे, की आपल्याच शेताच्या फाटकावर रखवालदार. दुसरी ही, की मे महिन्याच्या अखेरीस शेजारच्या पाड्याच्या विहिरीची पातळी पूर्वीइतकी राहते की नाही. तिसरी ही, की दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारे किती संसार या उद्योगामुळे गावातच थांबले. या तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल, तर पक्क्या विटांचे घरही भूमीस हलके वाटेल. ते नसेल, तर दर पावसाळ्यात गुंडाळून ठेवला जाणारा तंबूसुद्धा जमीनदाराच्या जुन्या वखारीइतकाच जड आहे, असे या जिल्ह्याच्या इतिहासास अनुसरून म्हणणे भाग पडते.